मेगा व्हॉल्यूम की क्लासिक? आधी चष्मा घालून आरशात बघ

*ताई, माझं वय २७. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. पाच आठवड्यांनी, मार्गशीर्षात माझं लग्न आहे. माझ्या पापण्यांचे केस विरळ नाहीत, पण अगदी सरळ आणि खाली झुकलेले आहेत. फोटोत मी कायम झोपेतून उठल्यासारखी दिसते. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन आहे. धुळीची ॲलर्जी आहे आणि डोळे चोळायची सवय काही केल्या जात नाही. होणाऱ्या नणंदेने कोल्हापुरातल्या तिच्या नेहमीच्या पार्लरमध्ये माझ्यासाठी ‘मेगा व्हॉल्यूम’ लॅश एक्स्टेन्शनचं बुकिंग केलंय. लग्नाची भेट म्हणून, आणि तेही हळदीच्या दिवशी सकाळी! तिच्या स्वतःच्या पापण्या सुरेख दिसतात. इथल्या पार्लरवाल्या काकू म्हणतात क्लासिक कर, मैत्रीण म्हणते हायब्रिड. मिंक, सिल्क, सी कर्ल, डी कर्ल हे सगळं ऐकून डोकं फिरलंय. आजीचं एकच पालुपद: डोळ्याला काही चिकटवायचं नाही. मी कोणता प्रकार निवडू? आणि नणंदेला न दुखावता सांगू कसं?*
*— गोंधळलेली नवरी, सांगली*

गोंधळलेल्या नवरीबाई,

प्रकाराचं नंतर बघू. आधी ती हळदीच्या सकाळची वेळ रद्द कर. आज, हे वाचून झाल्या झाल्या.

हळदीला काय होतं ते आठव. पाच सवाष्णी पाच वेळा हळद लावतात इथवर ठीक. मग मावश्या, माम्या आणि गल्लीतली पोरं येतात. हळदीत तेल कालवलेलं असतं आणि कुणाचा तरी पंजा गालावरून सरकत थेट डोळ्यावर जातो. त्यानंतर न्हाणं. एक्स्टेन्शन म्हणजे तुझ्या पापणीच्या केसांवर ग्लूने चिकटवलेले खोटे केस. ते लावल्यावर पहिले २४ तास तरी, काही जण ४८ सांगतात, पाणी आणि वाफ लागू द्यायची नसते. तेल तर पुढेही लागू द्यायचं नसतं, कारण ते हळूहळू ग्लूची पकड सोडवतं. म्हणजे नणंदेने खर्च करायचा आणि संध्याकाळी तुझ्या मामीने तो धुऊन टाकायचा.

दुसरं कारण याहून मोठं आहे. ग्लूची ॲलर्जी असेल तर ती बहुतेकदा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी वर येते. हळदीच्या सकाळी लावलंस तर ती वेळ नेमकी मंगलाष्टकांची. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी बरीच वर्षं पार्लर चालवलं, आणि एक्स्टेन्शन नवीन नवीन शिकले तेव्हा उत्साहाच्या भरात माझ्या भाचीलाच साखरपुड्याच्या आदल्या दिवशी लावून दिले. पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडंसं लावून दोन दिवस वाट बघणं, ती केली नाही. घरचीच पोर, तिला काय होतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या पुऱ्यांसारख्या फुगलेल्या. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ती गॉगल लावून बसली आहे आणि नवऱ्याकडच्यांना आम्ही ‘डोळे आलेत’ असं सांगितलं. भाची आता त्यावर हसते. तिची आई, म्हणजे माझी बहीण, अजून हसत नाही.

तर मुळात ही भानगड ग्लूची आहे. बाजारात चर्चा चालते ती मिंक, सिल्क, फो (म्हणजे नकली) मिंक यांची, पण हे तिन्ही शब्द बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी असतात. पीबीटी नावाच्या प्लास्टिकचा बारीक धागा, कुठे जास्त चकाकी, कुठे कमी. मिंक म्हटलं म्हणून त्या नावाच्या केसाळ प्राण्याचा केस सहसा तुझ्या डोळ्यावर येत नाही, आणि रेशीमही नाही. त्या नावासाठी कुणी जास्त पैसे मागितले तर खुशाल घासाघीस कर.

ग्लू मात्र सगळीकडे जवळपास एकाच जातीचा असतो, सायनोॲक्रिलेट. फेविक्विकही याच घराण्यातलं. (म्हणून घरातलं फेविक्विक डोळ्याजवळ नेऊ नकोस, हे लिहावं लागतं, कारण असं करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.) डोळ्यासाठी बनवलेला ग्लू वेगळा असतो, पण सुकताना त्याच्याही वाफा निघतात आणि त्या झोंबतात. काम चालू असताना डोळे पूर्ण मिटून ठेवायचे ते यासाठी. ‘आमचा सेन्सिटिव्ह ग्लू आहे, त्याने कुणालाच काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर मान डोलाव आणि तरीही पॅच टेस्ट माग. एकदा या ग्लूची ॲलर्जी उठली की ब्रँड बदलून ती टळेलच असं नाही, कारण मूळ रसायन तेच राहतं, आणि प्रत्येक वेळी त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त.

या ग्लूची आणखी एक गंमत म्हणजे तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. ४० ते ६० टक्के दमटपणा त्याला मानवतो. कोकणात ऐन पावसात तो केसाला टेकायच्या आधीच सुकतो आणि आठवड्यात पापण्या उशीवर सापडतात. मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत उलट तो सावकाश घट्ट होतो. म्हणून चांगल्या लॅशवालीच्या खोलीत दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ असतं. कोल्हापूरला जाशील तेव्हा ते दिसतं का बघ. नसलं तर लगेच उठून यायची गरज नाही, पण असलं तर बाई कामाची आहे.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू केस ‘विरळ नाहीत’ असं लिहिलंयस. ते सरळ आहेत आणि खाली झुकलेत, एवढीच तक्रार. म्हणजे तुझ्याकडे केस पुरेसे आहेत, फक्त त्यांनी वर बघायला हवं. आणि नणंदेने बुक केलंय ते भरगच्चपणाचं काम. तहान लागलीय आणि समोर पुरणपोळी आलीय. पुरणपोळी वाईट नसते, पण तहान तिने भागत नाही.

प्रकार समजून घे म्हणजे काकू, मैत्रीण आणि नणंद यांच्यात काय फरक आहे ते कळेल. क्लासिक म्हणजे तुझ्या एका केसावर एक धागा. व्हॉल्यूम म्हणजे एका केसावर बारीक धाग्यांचा छोटा पंखा, दोन ते पाच-सहा धाग्यांचा. त्याला २डी, ३डी, ५डी म्हणतात. मेगा व्हॉल्यूममध्ये त्या पंख्यात दहा-बारा किंवा त्याहून जास्त, आणखी बारीक धागे. हायब्रिड म्हणजे काही केसांवर क्लासिक, काहींवर पंखे, मिसळ करून.

‘मेगा म्हणजे जड’ असं सगळे म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. धाग्याचं वजन त्याच्या जाडीच्या वर्गाने वाढतं. म्हणजे ०.२० मिलीमीटरचा धागा ०.१० च्या धाग्यापेक्षा दुप्पट नाही, चौपट जड. आता हिशेब कर: ०.०५ चे पाच धागे मिळून ०.१५ च्या एका धाग्यापेक्षा हलकेच भरतात. त्यामुळे हाताने नीट बनवलेला व्हॉल्यूम सेट जाड धाग्याच्या क्लासिकपेक्षा पापणीला हलका असू शकतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, जाड धागे घेऊन पंखे केले की. आणि दुसरं, तयार गुच्छे आणून ग्लूच्या ठिपक्यासकट तीन-चार केसांवर एकदम बसवले की. पापणीचा प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने वाढतो, थांबतो आणि गळतो. रोज दोन-चार गळणं नेहमीचंच. तीन केस एकत्र चिकटवले आणि त्यातला एक गळायला निघाला, तर तो उरलेल्या दोघांना मुळासकट ओढतो. आधी टोचतं, मग दुखतं, आणि महिन्याभराने बाई विचारते, ‘माझ्याच पापण्या कुठे गेल्या?’

हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पूर्ण सेट अर्ध्या-पाऊण तासात उरकत असेल तर ते गुच्छे आहेत. क्लासिकलाही दीड-दोन तास लागतात, व्हॉल्यूमला त्याहून जास्त. दोन्ही हातांत चिमटे हवेत, एकाने एक केस वेगळा धरायचा आणि दुसऱ्याने धागा बसवायचा. काम झाल्यावर ती छोटी ब्रशची काडी स्वतः फिरवून बघ. प्रत्येक केस सुटा हलायला हवा. कुठे अडकला तर तिथेच थांबव आणि सोडवून घे. लाजू नकोस, पैसे दिलेत.

तर मेगा व्हॉल्यूम तुला का नको? वजनामुळे नाही, चष्म्यामुळे आणि चोळण्यामुळे. तुझा नंबर उणे आहे. उण्या नंबरच्या काचेमागून डोळा असतो त्याहून थोडा लहान दिसतो. त्या लहान डोळ्यावर काळ्याभोर पंख्याची झालर आली की फोटोत डोळ्याऐवजी झालर दिसते. शिवाय लांबी वाढली की केस काचेला घासतात, काच दर तासाला पुसावी लागते आणि तू चिडून आणखी चोळतेस. नणंदेला चष्मा आहे का? बहुधा नाही. तिच्या डोळ्याला शोभतं ते तिच्या डोळ्याला.

चोळण्याचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पापण्या कोणत्याही लाव, तू चोळत राहिलीस तर त्या तुझ्या स्वतःच्या केसांसकट येतील. सतत चोळणं बुबुळाच्या आकारालाही बरं नाही. म्हणून या आठवड्यात आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ॲलर्जीसाठी थेंब मिळतात, पण दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, कारण काही थेंबांत स्टेरॉइड असतं. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखी पांढरी साल दिसते का, हेही तपासून घे. असेल तर आधी तो उपचार. तसल्या पापणीवर ग्लू लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देण्यासारखं.

माझी पहिली पसंती तुझ्यासाठी एक्स्टेन्शन नाहीच. लॅश लिफ्ट. तुझेच केस सिलिकॉनच्या छोट्या उशीवर वर वळवून बसवतात आणि केस कुरळे करायच्या पर्मिंगसारखं द्रावण लावून तिथेच वळण देतात. तास-सव्वा तासाचं काम. सहा ते आठ आठवडे टिकतं, वर काही चिकटलेलं राहत नाही, चष्म्याला बहुधा घासत नाही, आणि एखाद्या वेळी डोळा चोळलास तरी काही तुटून हातात येत नाही. सरळ केसांवर याचा फरक जेवढा दिसतो तेवढा आधीच वळणदार असलेल्या केसांवर दिसत नाही, म्हणजे इथे तुझी अडचणच तुझ्या फायद्याची. आजीलाही सांगता येईल की काही चिकटवून ठेवलेलं नाही. (करताना तासभर चिकटवतात, ते आजीला सांगू नकोस.)

लिफ्टबरोबर टिंट, म्हणजे केस काळे करणं, हे ते सुचवतील. तुला कधी हेअर डायने किंवा झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीने खाज, पुरळ आलं असेल तर टिंट अजिबात नको. बऱ्याचदा रसायन तेच असतं. लिफ्टची आणि टिंटचीही पॅच टेस्ट करून घे.

आणि तरीही तुला एक्स्टेन्शनच हवं असेल, लग्न एकदाच होतं वगैरे, तर काकूंचं ऐक. क्लासिक, जाडी ०.१२ च्या पुढे नको. लांबी मध्ये ९-१०, बाहेरच्या कोपऱ्यात ११ मिलीमीटर, त्यावर एक मिलीमीटरही नाही. हायब्रिड थोडं चालेल, पण पंखे कोपऱ्यातच. कर्लच्या, म्हणजे धाग्याच्या वळणाच्या, बाबतीत एक बारकावा लक्षात ठेव. सी आणि डी कर्लचा धागा मुळापासूनच वळतो. तुझा केस सरळ, खाली झुकलेला. त्यावर असा गोल धागा ठेवला की तो मुळाशी जेमतेम टेकतो, पकड कमी राहते आणि चार दिवसांत सुटतो. एल कर्लचा धागा मुळाशी काही अंतर सपाट असतो आणि मग वर उचलतो, म्हणून झुकलेल्या केसावर तो चांगला बसतो. ‘एल कर्ल आहे का?’ एवढं एक वाक्य विचार. समोरचीला ते काय ते माहीतच नसेल तर तुझे डोळे तिच्या हाती देऊ नकोस.

चष्मा सोबत ने, आणि काम झाल्यावर तो घालून उघडझाप करून बघ. काचेला लागलं तर तिथेच लांबी कमी करून घे. लग्नात कॉन्टॅक्ट लेन्स घालणार असशील तर डॉक्टरांना आताच विचार आणि सवय कर. पहिल्यांदा लेन्स घालून होमासमोर बसणं आणि धुराने डोळे भरून येणं हे नवरीने स्वतःवर ओढवून घेऊ नये. लॅशचं कोणतंही काम करताना लेन्स काढून ठेवायच्या.

दिवसांचं गणित असं. या आठवड्यात डॉक्टर. पुढच्या आठवड्यात पॅच टेस्ट, म्हणजे कानामागे द्रावणाचा ठिपका किंवा पापणीच्या कोपऱ्यात दोन-चार धागे, आणि निदान दोन दिवस वाट. लिफ्ट करायची ठरली तर लग्नाआधी दहा-बारा दिवस, म्हणजे वळण आवडलं नाही तरी थोडं सैल व्हायला वेळ राहील. एक्स्टेन्शन ठरलं तर पॅच टेस्ट झाल्या झाल्या एक सेट लावून बघ, त्यात चोळण्याची परीक्षा होईल. दोन-तीन आठवड्यांत तो विरळ होतोच. उरलेला पार्लरमध्ये काढून घे, आणि नवा सेट हळदीच्या तीन-चार दिवस आधी. फेशियल, भुवया, वाफ घेणं हे सगळं त्याच्याही आधी. हळदीला कपाळ, गाल, हात, पाय पुढे कर आणि डोळ्याभोवतीचा भाग एखाद्या मावशीच्या ताब्यात दे. प्रत्येक घरात एक दरारा असलेली मावशी असते, ती हे काम आनंदाने करेल.

एक्स्टेन्शन असताना रोज तेल नसलेल्या फेसाने पापण्या धुवायच्या. पाणी लावलं तर पडतील या भीतीने बायका पंधरा-पंधरा दिवस धूत नाहीत आणि मग मुळाशी मळ साचून डोळे चिकट होतात. घरचं एरंडेलाचं किंवा तुपाचं काजळ या दिवसांत बाजूला ठेव. कापसाने पुसू नकोस, त्याचे तंतू अडकतात. सुटायला आले तर ओढू नकोस. आणि खाज-सूज यापेक्षा जास्त काही, म्हणजे डोळा लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, असं झालं तर पार्लरला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, सरळ डॉक्टर गाठ. लग्नाचा दिवस असला तरी.

राहिली नणंद. तिने प्रेमाने केलंय हे तुलाही दिसतंय, म्हणून तर अडलीस. भेट नाकारू नकोस, भेटीतला पदार्थ बदल. आणि मेसेज करू नकोस, फोन कर. असं काहीसं म्हण: “ताई, तुम्ही माझ्यासाठी एवढं लक्षात ठेवून बुकिंग केलंत, मला फार बरं वाटलं. पण मला ॲलर्जी आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावायची भीती वाटते. तुमच्याच पार्लरमध्ये मी लिफ्ट करून घेऊ का? पॅच टेस्टला येईन त्या दिवशी तुम्हीही याल का सोबत?” बघ, पार्लर तिचं, भेट तिची, सोबतही तिचीच. तुझ्यावर उपकार केल्याचं समाधान तिला पुरेपूर मिळतं आणि तुझे डोळे वाचतात. ‘मला मेगा आवडत नाही’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नकोस. ती स्वतः बहुधा मेगाच लावते.

त्यावर ती म्हणालीच, “अगं, मला कधी काही झालं नाही,” तर ॲलर्जीचा मुद्दा पुन्हा सांग आणि विषय बदल. साडीचा काढ. नवीन नात्यात पहिल्या महिन्यात वाद जिंकायची घाई कुणाला असते?

मेकअपवालीलाही आधीच कल्पना दे. तिच्या पेटीत पट्टीच्या खोट्या पापण्या असतात आणि नवरी दिसली की तिचा हात तिकडेच जातो. एक्स्टेन्शनवर पट्टी चिकटवली की रात्री ती काढताना दोन्ही एकत्र निघतात. लिफ्ट केली असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात चार-पाच सुटे केस पट्टीच्या साध्या ग्लूने लावून घे, फोटोपुरते. रात्री कितीही दमलीस तरी ते काढून, तोंड धुऊनच झोप. आणि मेंदीवाली मेंदीत निलगिरीचं तेल घालते, त्यामुळे तो हात धुवायच्या आधी डोळ्याकडे नेऊ नकोस. तुझी सवय बघता तो जाणार, म्हणून त्या संध्याकाळी चष्मा घालूनच बस.

— तुझी ताई